दबलेला मणका आणि सिमेंटची सुई

एसटीच्या अगदी मागच्या आसनावर वयस्कर माणसाने बसू नये, असे आपल्याकडे पूर्वीपासून सांगत आले आहेत. या सांगण्यामागचे शास्त्र मला पुस्तकातून ठाऊक होते. त्याचा अर्थ मात्र माझ्या मावशीच्या पाठीने शिकवला.

मावशी ७६ वर्षांची. पुण्याहून साताऱ्याला निघाली होती. गाडीला गर्दी, त्यामुळे मिळाली ती मागची जागा तिने घेतली. एका गतिरोधकावर चालकाने गाडी तशीच दामटली. मावशी आसनावरून वीतभर वर उडाली आणि परत आदळली. पाठीत काहीतरी ‘कट्‌’ झाले, असे ती नंतर सांगे. पण त्या क्षणी चारचौघांत कण्हायचे कसे, म्हणून ती गप्प राहिली. साताऱ्याला दोघांनी धरून तिला खाली उतरवावे लागले.

एक्स-रे काढला तेव्हा कण्याच्या मधल्या भागात दोन मणके दबलेले दिसले. तेथील डॉक्टरांनी सांगितले, “सिमेंट भरून घ्या, दुसऱ्या दिवशी चालू लागतील.” मावसभावाने मला फोन केला. “दादा, तू याच क्षेत्रातला. भरून घ्यायचे की नाही, एवढेच सांग.”

गेली तीस वर्षे मी क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून अशी चित्रे वाचत आलो आहे. तरीही त्याला देण्यासाठी माझ्याजवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दाचे उत्तर नव्हते. ते का नव्हते, हे आपल्याला सांगावे म्हणून हा लेख. कारण हा प्रश्न आज ना उद्या आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी विचारला जाणार आहे, आणि बहुधा घाईच्या वेळी विचारला जाणार आहे.

मणका म्हणजे एक लहानसा गोल डबा समजा. बाहेरून पातळ कवच आणि आत मधाच्या पोळ्यासारखी हाडांची जाळी. वयपरत्वे ही जाळी विरळ होत जाते. स्त्रियांमध्ये मासिक पाळी थांबल्यानंतर ती झपाट्याने विरळ होते. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या पुरुषांनाही त्यातून सूट नाही. अशा डब्यावर अचानक भार आला की त्याची पुढची बाजू चेपते आणि मणक्याला पाचरीचा आकार येतो. त्यासाठी मोठा अपघात व्हावा लागत नाही. गादीचा कोपरा उचलून चादर खोचणे, पाण्याची बादली उचलणे, जोराने खोकणे एवढेही पुरते. दोन-तीन मणके असे चेपले की माणूस पुढे वाकतो, उंची कमी होते. साडीचा घोळ जमिनीला लागू लागतो, कपाटाच्या वरच्या फळीला हात पोचेनासा होतो, आणि घरातले म्हणतात, “वय झाले, चालायचेच.”

दबलेल्या मणक्यांपैकी ढोबळमानाने दोनतृतीयांश कोणाच्या लक्षातही येत नाहीत. पाठ दुखली, मलम चोळले, आठ-पंधरा दिवस कळ काढली, संपले. पुढे कधीतरी खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे काढला जातो आणि त्यात तो जुना मणका दिसतो. मावशीच्या बाबतीत याच गोष्टीने सारा निर्णय फिरवला. तिकडे मी परत येईन. आधी सिमेंटची हकिकत.

शरीराच्या आतले चित्र पाहत पाहत, मोठी चिरफाड न करता, सुईच्या किंवा नळीच्या वाटेने उपचार करायचे, ही कल्पना साठ वर्षांहून जुनी आहे. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञाने एका स्त्रीच्या मांडीतील अरुंद झालेली रक्तवाहिनी नळ्या घालून रुंद केली. तिच्या पायाला गँगरीन होऊ लागले होते आणि शल्यविशारदांनी पाय कापण्याचा सल्ला दिला होता. तिने तो साफ नाकारला. तिचे वय होते ८२. तो पाय वाचला, आणि पुढे दोन-अडीच वर्षांनी न्यूमोनियाने तिचे निधन होईपर्यंत ती वाहिनी उघडी राहिली. वैद्यकातल्या या नव्या शाखेचा पाया एका हट्टी आजीच्या पायावर घातला गेला, हे मला नेहमीच भावते.

मणक्यात सिमेंट भरण्याचा पहिला प्रयोग १९८४ साली फ्रान्समधील आमियाँ या गावी झाला. पिएर गालिबेर आणि एर्वे देरामाँ यांनी एका स्त्रीच्या मानेच्या दुसऱ्या मणक्यात सुईने सिमेंट सोडले. तिचा मणका ठिसूळपणाने नव्हे, तर रक्तवाहिन्यांच्या गाठीने पोखरला होता. वेदना थांबल्या. १९८७ मध्ये त्यांनी हा अनुभव प्रसिद्ध केला आणि त्यानंतर ही पद्धत म्हाताऱ्या, दबलेल्या मणक्यांसाठी वापरली जाऊ लागली. तिचे नाव व्हर्टिब्रोप्लास्टी.

सिमेंट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे घराचे बांधकाम येते. हे सिमेंट म्हणजे एक प्रकारचे अॅक्रिलिक आहे. आपल्या कवळीचा गुलाबी भागही त्याच जातीच्या द्रव्याचा असतो. खुब्याचा कृत्रिम सांधा बसवतानाही ते वापरतात. भुकटी आणि द्रव एकत्र कालवले की काही मिनिटे ते टूथपेस्टसारखे राहते आणि मग दगडासारखे घट्ट होते. रुग्णाला पोटावर झोपवतात, पाठीची जागा बधिर करतात, गुंगीचे औषध देतात. क्ष-किरणांच्या चालत्या चित्रात पाहत जाड सुई मणक्याच्या आत नेतात आणि थोडे थोडे सिमेंट सोडतात. सिमेंटमध्ये क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य मिसळलेले असते, त्यामुळे ते पडद्यावर काळजीपूर्वक पाहता येते. एका मणक्यात काही मिलिलिटर, म्हणजे चमचाभराच्या आसपास, एवढेच जाते. सारे काम तासाभरात उरकते. आधी फुगा फुगवून मणक्याला थोडी उंची देण्याचा प्रयत्न करतात, तिला कायफोप्लास्टी म्हणतात. तिचा खर्च बराच अधिक असतो.

ही पद्धत पाहणाऱ्याला मोहात पाडते. काल स्ट्रेचरवरून आलेला माणूस आज उठून बसतो. १९९० नंतरच्या दीड दशकात जगभर हजारो वृद्धांना ती करण्यात आली. करणारे समाधानी, रुग्ण समाधानी. मग शंका घ्यायची कोणी?

शंका घेतली ती हे काम स्वतः करणाऱ्यांनीच, आणि याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डेव्हिड कॅल्म्स स्वतः व्हर्टिब्रोप्लास्टी करणारे तज्ज्ञ. त्यांनी विचारले, की दबलेला मणका तर आपोआपही बरा होतो. मग आराम सिमेंटने पडतो, काळाने पडतो, की आपल्यावर उपचार झाला या विश्वासाने? याचे उत्तर मिळवायचे तर एकच मार्ग होता. निम्म्या रुग्णांना खरा उपचार द्यायचा आणि निम्म्यांना त्याचा हुबेहूब आभास. कोणाला काय मिळणार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवायचे, आणि रुग्णाला ते कळू द्यायचे नाही.

आभास किती हुबेहूब होता पाहा. रुग्णाला त्याच खोलीत, त्याच मेजावर पोटावर झोपवले. पाठीत तसेच बधिर करण्याचे इंजेक्शन हाडाच्या आवरणापर्यंत दिले. पाठीवर हाताने दाब दिला. सिमेंटचा उग्र वास सर्वांना ओळखू येतो, म्हणून त्याची बाटली रुग्णाजवळ उघडून तो दरवळू दिला. सिमेंट मात्र भरले नाही. सहभागी झालेल्या १३१ वृद्धांनी हे आधी समजून घेऊन संमती दिली होती. तीव्र वेदना होत असताना ‘मला कदाचित काहीच मिळणार नाही’ हे मान्य करून मेजावर झोपायला किती मोठे मन लागत असेल, याचा विचार आपण करावा.

त्याच वेळी ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे रशेल बुकबाइंडर यांनी ७८ रुग्णांवर असाच अभ्यास केला. तेथे आभासी उपचारात सुई हाडाला टेकवून वरून हलकेच ठोकतही असत. दोन्ही अभ्यास ऑगस्ट २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या एकाच अंकात आले आणि आमच्या क्षेत्रात खळबळ उडाली.

शून्य ते दहा अशा मापात वेदना सांगायची, तर अमेरिकी अभ्यासात सुरुवातीला दोन्ही गटांची वेदना सातच्या आसपास होती. महिन्याभरात सिमेंट भरलेल्यांची ३.९ वर उतरली. आणि न भरलेल्यांची? ४.६ वर. दोघांतील हे अंतर योगायोगानेही पडू शकेल इतके लहान होते. मेलबर्नमध्येही कोणत्याच टप्प्यावर सिमेंट ठळकपणे सरस ठरले नाही.

आता एक बारकावा. अमेरिकी अभ्यासात एक महिन्यानंतर, हवे असल्यास दुसरा उपचार मागण्याची मुभा होती. तीन महिन्यांपर्यंत आभासी गटातील ४३ टक्के लोकांनी ती घेतली, खऱ्या उपचाराच्या गटातील १२ टक्क्यांनी. आकड्यांत फरक दिसला नाही, पण माणसे तितकीशी समाधानी नव्हती. टीकाकारांनी यावर बोट ठेवले. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा होता. दोन्ही अभ्यासांत वर्षभरापर्यंतचे जुने अस्थिभंगही घेतले होते. जो मणका सहा महिन्यांपूर्वी दबला आणि एव्हाना सांधत आला, त्यात सिमेंट भरून काय साधणार?

मग ताज्या मणक्यांचे अभ्यास सुरू झाले. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये नेदरलँड्स व बेल्जियममधील क्लाझेन आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. सहा आठवड्यांच्या आतले अस्थिभंग घेतले. आभासी उपचार नव्हता, दुसऱ्या गटाला केवळ वेदनाशामके दिली. येथे सिमेंट सरस ठरले. पण मला या अभ्यासातला वेगळाच आकडा महत्त्वाचा वाटतो. उपचारास योग्य असे ४३१ रुग्ण निवडले होते. तपासण्या होऊन चिठ्ठी टाकण्याची वेळ येईपर्यंत त्यांपैकी २२९ जणांची वेदना आपोआप कमी झाली. म्हणजे निम्म्याहून अधिक! सिमेंट भरायला निघालेले निम्मे लोक दारापर्यंत जाऊन परत फिरले.

२०१६ मध्ये सिडनीच्या विल्यम क्लार्क यांनी आणखी कडक निवड केली. अस्थिभंग सहा आठवड्यांच्या आतला आणि वेदना दहापैकी सात किंवा अधिक, असे १२० रुग्ण. आणि यात आभासी उपचारही होता. दोन आठवड्यांनी वेदना चारच्या खाली उतरलेल्यांचे प्रमाण सिमेंटच्या गटात ४४ टक्के, आभासी गटात २१ टक्के. हा फरक खरा होता. साहित्य बनवणाऱ्या कंपनीचे अर्थसाहाय्य या अभ्यासाला होते, हेही नोंदवले पाहिजे. यातल्या दुष्परिणामांची नोंद दोन्ही बाजूंनी बोलते. सिमेंटच्या गटात एका रुग्णाचा श्वास गुंगीच्या औषधाने थांबला (तो वाचला), आणि एकाचे दंडाचे हाड मेजावर हलवताना मोडले. आभासी गटात दोघांचा मणका पुढे अधिक कोसळून मज्जारज्जूवर दाब आला.

आणि २०१८ मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या डच अभ्यासात, १८० रुग्णांवर, ताज्या अस्थिभंगातही सिमेंट आभासी उपचारापेक्षा सरस ठरले नाही. दोन्ही गटांना आराम मात्र चांगला पडला. हाडाच्या आवरणापाशी दिलेले बधिरतेचे औषध स्वतःच एक उपचार असावा, असा विचार तेव्हापासून बळावला आहे. ऑस्ट्रेलियाने २०११ मध्ये या उपचाराचा सरकारी खर्च बंद केला आणि २०२० मध्ये निवडक रुग्णांसाठी पुन्हा सुरू केला. एका देशाचे मत नऊ वर्षांत दोनदा पालटले, तर मावसभावाला मी एका शब्दात काय सांगणार होतो?

चित्र नेमके काय सांगते

मी त्याला एवढेच म्हटले, “आधी एमआरआय करा, मग बोलू.”

एक्स-रे मणक्याचा आकार दाखवतो. तो कधी मोडला हे सांगत नाही. पन्नाशीत दबलेला मणका आणि परवा दबलेला मणका एक्स-रेत जुळ्या भावंडांसारखे दिसू शकतात. एमआरआयमध्ये एक खास चित्रण असते, ज्यात चरबीचे तेज दाबून टाकतात आणि पाण्याचे तेज उजळवतात. ताज्या अस्थिभंगात अस्थिमज्जेला सूज येते, म्हणजे तेथे पाणी साठते. तो मणका काळ्या चित्रात दिव्यासारखा पांढरा उजळतो. जुना सांधलेला मणका शेजाऱ्यांसारखाच अंधारा राहतो.

मावशीच्या चित्रात बारावा छातीचा मणका निम्म्यावर दबलेला होता, पण अंधारा. त्याखालचा, कमरेचा पहिला मणका, एक्स-रेत जेमतेम चेपलेला दिसत होता. तोच पांढराशुभ्र उजळला होता. केवळ एक्स-रेवर विसंबून ‘जास्त दबलेल्या’ मणक्यात सिमेंट भरले असते, तर ते चुकीच्या मणक्यात गेले असते. मावशीला विचारले तेव्हा आठवले. सात-आठ वर्षांपूर्वी ती माजघरात पाटावरून घसरून बसली होती. “तेव्हा महिनाभर पाठ धरली होती रे, पण घरात लग्न होतं, सांगायचं कोणाला?”

एमआरआयचे दुसरे काम आपल्याकडे फार मोलाचे आहे. दबलेला प्रत्येक मणका ठिसूळपणानेच दबतो असे नाही. मणक्याचा क्षयरोग आपल्या देशात अजून पुष्कळ आढळतो, आणि कर्करोगही मणक्यात उतरतो. या दोन्हींची चिन्हे चित्रात निराळी असतात. शंका वाटली तर सुईने तुकडा काढून तपासता येतो. ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी चित्रणापूर्वी त्याचे कार्ड अवश्य दाखवावे. अलीकडचे बरेच पेसमेकर एमआरआयला चालतात; जेथे चालत नाही तेथे सीटी स्कॅन आणि हाडांचा स्कॅन यांवर भागवता येते.

तेव्हा कोणी सिमेंटचा सल्ला दिला तर आपण शांतपणे विचारावे: कोणता मणका ताजा आहे, हे कोणत्या चित्रावरून ठरवले? दाबून पाहिले असता दुखते ते त्याच मणक्यावर का? आणि औषधे, पट्टा, थोडा काळ हे सारे पुरेसे दिले गेले आहे का? या प्रश्नांनी चांगला डॉक्टर रागावत नाही.

मग सिमेंट घ्यावेच कोणी? माझे मत सांगतो. काही वर्षांपूर्वी ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ आमच्याकडे आले. ताजा अस्थिभंग, मॉर्फिनसारखी औषधे देऊनही कुशीवर वळता येईना. वेदनेमुळे श्वास उथळ, त्यामुळे छातीत कफ साठू लागलेला. औषधांनी भ्रम होऊन रात्री मुलालाही ओळखेनात. अशा माणसाला सहा आठवडे थांबा सांगणे म्हणजे न्यूमोनियाला बोलावणे. दहाव्या दिवशी आम्ही सिमेंट भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुर्चीत बसून चहा पीत होते. सिमेंटमुळेच बसले, की अकराव्या दिवशी तसेही बसले असते? वरचे अभ्यास वाचलेला माणूस शपथेवर सांगू शकणार नाही. पण तोच प्रसंग पुन्हा आला तर मी पुन्हा भरेन. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०१३ मध्ये दिलेला सल्लाही याच धर्तीचा आहे: अलीकडचा, न सांधलेला अस्थिभंग आणि योग्य औषधांनंतरही तीव्र वेदना, अशांसाठी हा एक पर्याय. सरसकट सर्वांसाठी नव्हे.

धोका किती, हेही जाणून घ्या. सिमेंट मणक्याबाहेर थोडेसे झिरपणे फार सामान्य आहे. त्या डच-बेल्जियन अभ्यासात सीटी स्कॅनने पाहिले तेव्हा १३४ पैकी ९७ मणक्यांतून ते झिरपलेले आढळले. त्रास मात्र कोणालाच झाला नाही. क्वचित ते नसांवर दाब आणते किंवा रक्तवाहिनीतून फुप्फुसात जाते, आणि तेव्हा प्रकरण गंभीर होते. जंतुसंसर्गाची भीती असतेच. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ती आधी सांगितलीच पाहिजेत, आणि स्वतःच्या मनाने बंद करता कामा नयेत.

घरातले सहा आठवडे

मावशीने थांबायचे ठरवले. ‘आम्ही’ ठरवले असे लिहिणार होतो, पण निर्णय तिचाच. “मरणाचं दुखतंय, पण कमी होणार असेल तर थांबते,” ती म्हणाली. पहिले तीन आठवडे कठीण गेले. तिसऱ्या आठवड्यात मावसभाऊ आणि वहिनी दोघेही माझ्यावर नाराज होती. पाचव्या आठवड्यात ती काठी घेऊन अंगणापर्यंत गेली. बहुतेकांची तीव्र वेदना सहा ते आठ आठवड्यांत ओसरते. मात्र सर्वांची नाही, हे लक्षात ठेवून दोन-तीन आठवड्यांनी डॉक्टरांना पुन्हा भेटावे.

या काळात काळजी घेणाऱ्याचे कौशल्य सिमेंटहून कमी मोलाचे नसते. आपल्याकडे ‘अंथरुणातून हलू नका’ असे प्रेमाने बजावतात. हे प्रेम घातक ठरते. पडून राहिल्याने हाड आणखी विरळ होते, स्नायू गळतात, पाठीला जखमा होतात. पहिले काही दिवस विश्रांती, मग दिवसातून चार-सहा वेळा थोडे थोडे उठणे-चालणे. उठवताना दोन्ही हात धरून सरळ ओढू नये. आधी गुडघे वाकवावेत, मग खांदे आणि कंबर एकदमच, ओंडका लोटावा तसे कुशीवर वळवावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि रुग्णाने कोपराने रेटा देत उठावे. जमिनीवरच्या गादीऐवजी गुडघ्याएवढा उंच पलंग आणि भारतीय शौचकुपाऐवजी कमोडची खुर्ची, या दोन बदलांनी आमच्या घरचे निम्मे कण्हणे थांबले.

वेदनाशामक ‘फारच दुखले तर’ देऊ नये. डॉक्टरांनी नेमलेल्या वेळी द्यावे, म्हणजे उठण्या-चालण्यास बळ येते. सांधेदुखीच्या प्रचलित गोळ्या मात्र वृद्धांच्या मूत्रपिंडाला आणि पोटाला त्रास देतात, त्या मनाने आणू नयेत. तीव्र औषधांनी मलावरोध होतो आणि कुंथताना मणक्यावर भार येतो; म्हणून पाणी, भाज्या, फळे आणि गरज पडल्यास रेचक सुरुवातीपासूनच. कमरेचा पट्टा उठताना-चालताना काही आठवडे बांधावा, झोपताना नको.

पायांतील शक्ती कमी होणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, बसण्याच्या जागी बधिरपणा, ताप, पडून राहूनही रात्री वाढणारी वेदना, वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, यांपैकी काहीही असेल तर सहा आठवडे तर सोडाच, सहा तासही थांबू नये.

आता ज्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते ती. मणका मोडला, सांधला. पण तो ज्यामुळे मोडला ते कारण शरीरात तसेच आहे. एक मणका मोडलेल्या स्त्रियांपैकी साधारण पाचांतल्या एकीचा पुढचा मणका वर्षाच्या आतच मोडतो. सिमेंट त्या एका मणक्यापुरते. शेजारच्या मणक्यांना त्याचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी हाडांची घनता मोजणारी डेक्सा चाचणी, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची तपासणी, आणि हाड बळकट करणारे औषध लागते. वर्षातून एकदा सलाइनमधून दिल्या जाणाऱ्या झोलेड्रॉनिक अॅसिडने तीन वर्षांत मणके मोडण्याचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसले. अंदाजावर चालत आलेल्या या क्षेत्रात एवढे स्पष्ट आकडे क्वचितच मिळतात. ते देण्याआधी मूत्रपिंडाची तपासणी करतात, ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढतात आणि दातांचे मोठे काम शिल्लक असल्यास उरकून घ्यायला सांगतात. आठवड्याच्या गोळ्या, सहा महिन्यांची किंवा रोजची इंजेक्शने असेही पर्याय आहेत. कोणता कोणाला, हे डॉक्टर ठरवतील. रुग्णालयातून घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर हाडांच्या औषधाचा उल्लेख नसेल, तर तो का नाही हे तिथेच, खिडकीशी पैसे भरण्यापूर्वी विचारावे. साताऱ्याच्या कागदावर तो नव्हता. मावशीच्या आठ वर्षांपूर्वीच्या पडण्यानंतर तर कागदच नव्हता.

सलाइन घेऊन आली त्या दिवशी आम्ही तिला माजघराच्या दाराशी उभे केले आणि चौकटीवर पेन्सिलीने उंचीची खूण केली. दर सहा महिन्यांनी तेथेच मोजायचे. दोन सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक घट दिसली तर कण्याचा बाजूने एक्स-रे काढायचा, मग पाठ दुखो वा न दुखो. त्याच चौकटीवर नातवंडांच्या जुन्या खुणा आहेत. “पोरांची उंची वाढते म्हणून मोजतात, माझी कशाला रे मोजतोस?” असे ती दर वेळी म्हणते, आणि चपला काढून, टाचा भिंतीला टेकवून, ताठ उभी राहते.